बेटांवरचा रोग आणि आपलं वर्धा

नोएडातून पुन्हा तुमच्यासमोर. मी डॉक्टर नाही, फौजी माणूस. शत्रू मागे हटला तरी त्याने पेरलेले सुरुंग जमिनीत राहतात, हे आम्हाला पक्कं माहीत असतं. आजचा रोग तसाच आहे. त्याचं नाव अमायलॉइडोसिस.

१८५४ साली जर्मनीच्या रुडॉल्फ विरखो यांनी हे नाव रूढ केलं. आयोडीन लावल्यावर हा पदार्थ स्टार्चसारखा रंग बदलतो, म्हणून 'अमायलॉइड', म्हणजे स्टार्चसारखा. पाचच वर्षांत, १८५९ मध्ये, तो स्टार्च नसून प्रथिन आहे हे सिद्ध झालं. नाव मात्र तेच राहिलं.

हे प्रथिन साचतं कशामुळे? उष्ण कटिबंधातल्या बेटांनी एक उत्तर दिलं. पापुआ न्यू गिनीतल्या कुष्ठरुग्णांचा अभ्यास १९७५ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना वारंवार 'रिॲक्शन' येते, म्हणजे ताप आणि अंगावर लाल, दुखऱ्या गाठी, त्यांच्यात अमायलॉइडचा धोका दिसला. अशा वेळी यकृत 'सीरम अमायलॉइड ए' नावाचं प्रथिन भरपूर बनवतं. दाह वर्षानुवर्षं टिकला की ते मूत्रपिंडात साचू लागतं. पण सगळीकडे प्रमाण सारखं नाही. अमेरिकेतल्या कार्व्हिलच्या कुष्ठरुग्णांत ते जास्त, मेक्सिकोत बरंच कमी. म्हणजे केवळ जंतू पुरत नाही. रिॲक्शन किती वेळा येते, आनुवंशिकता आणि राहणीमान यांचाही वाटा असू शकतो.

आता आपल्याकडे या. १९३६ साली मनोहरजी दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम उभारलं. १९४९ मध्ये बाबा आमटे यांनी वरोड्याला महारोगी सेवा समिती स्थापली. सुरुवातीला हाताशी मुख्यतः चालमोगऱ्याचं तेल होतं. पुढे डॅप्सोन आलं, आणि १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. जंतू लवकर मरू लागला, की दाहाची वर्षंही कमी होतात.

भारतात अशा अमायलॉइडचं मोठं कारण आजही क्षयरोग आहे. म्हणून सांगतो, बरं वाटलं म्हणून क्षयाच्या गोळ्या अर्ध्यावर सोडू नका. जुना क्षय किंवा कुष्ठ असलेल्या माणसाच्या पायांवर सूज आली, लघवीला फेस येऊ लागला, तर लघवीतलं प्रथिन तपासून घ्या. तपासणी साधी आहे. मूत्रपिंड एकदा निकामी झालं की मात्र माघारीचा रस्ता नसतो.

जय हिंद.