नवी विंडोज घ्यावी का?

घरच्या संगणकावर नवी विंडोज घालावी का, हा प्रश्न तसा जुनाच. २००१ सालची एक्सपी लोकांच्या इतकी अंगवळणी पडली होती, की जानेवारी २००७ मध्ये व्हिस्टा आली तेव्हा अनेकांनी तिला दारातच थांबवलं. जुन्या यंत्रांना ती जड जायची. थांबलेल्यांना ऑक्टोबर २००९ मध्ये विंडोज ७ मिळाली. थांबणं शहाणपणाचंच ठरलं!

पण ८ एप्रिल २०१४ ला एक्सपीची डागडुजी थांबली. त्यानंतर सापडणारी भोकं बुजवणार कोण? विंडोज १० चीही नेहमीची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला सरली. अमेरिकेतल्या माझ्या जुन्या डेस्कटॉपवर पीएचडीची सगळी आकडेमोड आहे, आणि विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० त्यात नाही. म्हणून मी तिथे लिनक्स घालतोय. नवी कशी आहे, यापेक्षा जुनीची डागडुजी कधीपर्यंत, हे आधी पाहावं.