लाइन क्लिअर आणि सर्व्हिस बुक : हुबळी-धारवाडच्या रेल्वेतील माहितीची वाटचाल

धारवाडच्या कर्नाटक कॉलेजची भव्य मुख्य इमारत मुळात महाविद्यालयासाठी बांधलेली नव्हती, हे सांगितल्यावाचून कोणाच्या ध्यानी येत नाही. ती सदर्न मराठा रेल्वे कंपनीची मुख्य कचेरी होती. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात दक्षिणेकडील जिल्ह्यांत धान्य पोहोचविणे किती अवघड आहे याचा सरकारला कटू अनुभव आला आणि त्यातून १८८२ साली ही कंपनी उभी राहिली. पेशवाईच्या दक्षिणेकडील मुलखाला इंग्रज 'सदर्न मराठा कंट्री' म्हणत. तेच नाव कंपनीने उचलले. मुलूख बहुतांशी कानडी, नाव मराठी आणि कारभार इंग्रजी, असा हा त्रिवेणी प्रकार होता. १ जानेवारी १९०८ रोजी कंपनी मद्रास रेल्वेत मिळून 'मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे' झाली, मुख्य कचेरी मद्रासला गेली आणि धारवाडची वास्तू पुढे १९१७ साली स्थापन झालेल्या कॉलेजकडे आली. हुबळीचा कारखाना मात्र जागचा हलला नाही. रेल्वे आणि हुबळी यांचे नाते त्यामुळे अतूट राहिले.

या कचेरीतून कोणते हुकूम सुटले, किती मैल लोहमार्ग झाला, याचा इतिहास अनेकांनी लिहिला आहे. त्यामानाने एका गोष्टीकडे फारसे कोणी पाहिलेले नाही. काम करणाऱ्या माणसाला कामाची माहिती कशी मिळत होती, ती किती लवकर मिळे, आणि कोणती माहिती त्याच्यापर्यंत पोहोचतच नसे?

कचेरीची विद्या या मुलखाला नवी नव्हती. १८१७ पर्यंत धारवाड पेशव्यांकडे होते. पुण्याच्या हुजूर दप्तरात 'एकबेरीज' नावाचा स्वतंत्र विभाग होता. निरनिराळ्या खात्यांचे हिशेब तेथे येत, त्यांचे तर्जुमे म्हणजे गोषवारे केले जात आणि अक्षरानुक्रमे खतावण्या ठेवल्या जात, त्या नंतर शोधणाऱ्याची सोय व्हावी म्हणून. आजच्या कोणत्याही संग्रहपालाला मान डोलवावी लागेल अशी ही व्यवस्था होती. तथापि ती दप्तर सांभाळणाऱ्यांची सोय होती. गावचा कुलकर्णी रुमाल सोडी, मोडी कागद वाची आणि काय लिहिले आहे ते सांगे. ऐकणाऱ्याला त्याच्या शब्दावर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नसे. कागद कोणाच्या हाती आणि वाचता कोणाला येतो, या दोन गोष्टींवर सारी सत्ता उभी होती.

रेल्वेला ही चाल परवडणारी नव्हती. एकेरी लोहमार्गावर धारवाडहून गाडी सुटली की समोरून दुसरी येत नाही ना, एवढे एकच ज्ञान मोलाचे. ते चार दिवसांनी रुमालातून निघून उपयोगी नाही. ते त्याच मिनिटाला, ड्रायव्हरच्या हातात, शंकेला जागा न ठेवता असले पाहिजे. म्हणून पुढील स्टेशनाला तारेने विचारावयाचे, त्याने 'लाइन क्लिअर' द्यावयाचा, दोन्हीकडे वहीत नोंद करावयाची आणि मग ड्रायव्हरला लेखी परवाना द्यावयाचा, असा क्रम ठरला. निरोपात गफलत होऊ नये म्हणून 'प्रायव्हेट नंबर'ची युक्ती आली. स्टेशनमास्तरजवळ आकड्यांचा तक्ता असे. प्रत्येक निरोपाला त्यातील पुढचा आकडा द्यावयाचा आणि वापरलेला लगेच खोडावयाचा. ऐकणाऱ्याने तो उलट म्हणून दाखविला की निरोप योग्य माणसाकडून आला व नीट ऐकला, याची खात्री पटे.

याहून चतुर होता तो नील्सचा गोळा. दोन स्टेशनांत विजेने जोडलेली दोन यंत्रे असत आणि दोहोंतून मिळून एका वेळी एकच गोळा बाहेर काढता येई. तो यंत्रात परत गेल्याखेरीज दुसरा निघत नसे. एका खंडाचा गोळा शेजारच्या खंडाच्या यंत्रात चालू नये, अशीही योजना असे. हा लोखंडी गोळा चामडी पिशवीत घालून वेताच्या मोठ्या कड्याला बांधीत आणि न थांबणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरला धावता धावता देत. गोळ्यावर खंडाची खूण कोरलेली असे. ती पाहून घेणे ड्रायव्हरचे कर्तव्य. कानडी, मराठी, उर्दू, तेलुगू अशा कोणत्याही भाषेचा माणूस असो, गोळा हाती आहे म्हणजे वाट मोकळी आहे. वाचनाची अटच ज्यात शिल्लक राहिली नाही अशी ही माहिती होती. भारतातील एकेरी मार्गांवर ही पद्धत दीर्घकाळ टिकली, त्याचे श्रेय यंत्राइतकेच या साधेपणाला द्यावे लागेल.

वेळेचेही तसेच. धारवाड सुमारे ७५ रेखांशावर आणि मद्रास ८० अंशांच्या थोडे पुढे, त्यामुळे धारवाडचा सूर्य मद्रासच्या मानाने सुमारे २१ मिनिटे मागे. कॉलेजातील किंवा देवळातील घड्याळ कोणतेही का दाखवीना, रेल्वेची वेळ मद्रासची होती आणि दररोज दुपारी चार वाजता मद्रासच्या वेधशाळेची खूण तारेने देशभर जाई. १९०६ सालारंभी भारतीय प्रमाणवेळ आली. पण दुपारी चारला घड्याळे जुळविण्याची शिस्त त्यानंतरही रेल्वेने सोडली नाही.

कागदावरची माहितीही कामाच्या जागेकडे सरकत गेली. उतारूंसाठी वेळापत्रक वेगळे आणि कर्मचाऱ्यांसाठी 'वर्किंग टाइम टेबल' वेगळे. या दुसऱ्यात कोणती गाडी कोठे कोणाला ओलांडते, कोठे वेग कमी ठेवावयाचा, कोणत्या चढावर किती भार ओढावा, हे सारे असे. डागडुजी चालली असेल तेथे 'कॉशन ऑर्डर' निघे. प्रत्येक स्टेशनाचे स्वतःचे कार्यनियम असत आणि त्यांजवळ एक हमीवही. नवा माणूस रुजू झाला किंवा कोणी दीर्घ रजेवरून परतला, की नियम वाचले व समजले असे लिहून त्यावर सही करावयाची. निरक्षर पॉइंट्समनला नियम समजावून सांगावयाचे व त्याचा अंगठा घ्यावयाचा. तो अंगठा खरोखर समजल्याचा किती आणि नोकरीच्या गरजेचा किती, हे वही सांगत नाही. तिला विचारले जाते ते अपघातानंतरच.

कायदाही या बाबतीत बराच पुढे होता. १८९० च्या रेल्वे कायद्याच्या ४७ व्या कलमानुसार सर्वसाधारण नियमांची प्रत प्रत्येक स्टेशनावर ठेवणे आणि मागेल त्याला ती विनामूल्य पाहू देणे कंपनीवर बंधनकारक होते. ज्या नोकरावर निश्चित जबाबदारी आहे त्याला नियमांची प्रत द्यावी, निदान त्याच्या कामापुरत्या भागाचे भाषांतर द्यावे, अशीही तरतूद नियमांत आली. भाषांतराचा प्रश्न हुबळीसारख्या ठिकाणी सोपा नव्हता. एकाच कारखान्यात चार-पाच घरच्या भाषा. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने कारखान्यांत त्या कायद्याचा गोषवारा इंग्रजीत आणि 'बहुसंख्य कामगारांच्या भाषेत' लावण्याचे बंधन घातले. १९४८ च्या कारखाने कायद्यानेही तशीच वाट धरली. पण बहुसंख्य म्हणजे कोण? जो अल्पसंख्य, त्याला फलकाखाली उभे राहून शेजाऱ्याला विचारावे लागे.

येथवरची माहिती कंपनीच्या हिताची होती. ती कामगाराला न कळली तर गाडी रुळावरून घसरते, इंजिन मोडते, चौकशी होते. म्हणून ती त्याच्या हातात गोळ्याच्या रूपाने, डोळ्यांसमोर सिग्नलच्या रूपाने आणि कानात घंटेच्या रूपाने पोहोचविण्यासाठी एवढी बुद्धी खर्च झाली. दुसरी एक माहिती अशी होती की जी न कळल्यास फक्त कामगाराचेच नुकसान होते. माझी किती रजा शिल्लक, सेवाज्येष्ठतेत माझा क्रम कितवा, वेतनवाढ कधी, निवृत्ती कोणत्या तारखेस? ही माहिती सर्व्हिस बुकात असे, सर्व्हिस बुक कचेरीच्या कपाटात आणि कपाट कारकुनाच्या ताब्यात. तेथे ना गोळा होता ना घंटा. जुना कुलकर्णी रुमाल सोडून बसल्याचा भास येथे व्हावा.

सर्वांत नाजूक नोंद जन्मतारखेची. साक्षर उमेदवाराने ती स्वतःच्या हस्ताक्षरात लिहावी. निरक्षर असल्यास वरिष्ठाने लिहावी व दुसऱ्या नोकराने साक्ष करावी, असा रेल्वेचा नियम. ज्या तारखेवर माणसाची निवृत्ती आणि निवृत्तिवेतन अवलंबून, ती त्याच्या पुस्तकात दुसऱ्याच्या हाताने लिहिली जाई आणि काय लिहिले हे त्याला वाचता येत नसे. दुरुस्तीची मुदत निघून गेल्यावर चूक उमगली, तर उपाय कठीण. सर्व्हिस बुक दरवर्षी नोकराला दाखवून त्याची सही घ्यावी, असा केंद्र सरकारच्या सेवानियमांत दंडक आहे. हुबळीहून चाळीस मैल दूर रुळांवर काम करणाऱ्या गँगमनपर्यंत ते पुस्तक कसे न्यावयाचे, याची योजना मात्र लाइन क्लिअरइतक्या आस्थेने कोणी केली नाही.

कारभाराची नावे बदलत गेली. १९४४ साली सरकारने रेल्वे ताब्यात घेतली, १९५१ साली दक्षिण रेल्वे झाली, १९६६ च्या ऑक्टोबरात हुबळी विभाग दक्षिण मध्य रेल्वेकडे गेला आणि १ एप्रिल २००३ पासून हुबळी स्वतःच दक्षिण पश्चिम रेल्वेचे मुख्यालय झाली. धारवाडहून मद्रासला गेलेली मुख्य कचेरी जणू पंचाण्णव वर्षांनी वीस किलोमीटरांवर परत आली. १९७६ च्या राजभाषा नियमांमुळे नियमपुस्तके व नमुने हिंदी-इंग्रजी झाले. हुबळीच्या मराठी माणसाला देवनागरीमुळे त्यातील हिंदी निदान उच्चारता तरी येऊ लागले. त्याच्या कानडी शेजाऱ्याला ती सोय नव्हती.

ड्रायव्हरांच्या लॉबीत, जेथे आज त्यांना लोको पायलट म्हणतात, कामावर हजर होताना संगणकासमोर उभे राहावे लागते. नवी परिपत्रके तेथेच समोर येतात आणि वाचल्याची नोंद केल्यावर पुढे जाता येते. हमीवहीचेच हे नवे रूप होय. त्यामानाने दुसऱ्या बाजूला बराच उशीर झाला. २०२० च्या सुमारास रेल्वेची 'एचआरएमएस' ही संगणकीय व्यवस्था पसरली आणि सेवेची नोंद, रजा, पास ही माहिती कर्मचाऱ्याला स्वतःच्या मोबाइलवर दिसू लागली. हातोडा खांद्यावर टाकून रुळाकडेने चालणाऱ्या माणसाच्या खिशात त्याचे सर्व्हिस बुक आले. जन्मतारखेचा रकाना त्यात अग्रभागी असतो. ती चुकीची असल्यास ते त्याला आता पहिल्याच दिवशी कळू शकते. दुरुस्त करण्याचा निर्णय मात्र पूर्वीप्रमाणेच कचेरीत होतो.