युथिफ्रोचा पेच

नीतिशास्त्र आणि धर्मचिकित्सा या दोहोंत येणारा एक मूलभूत प्रश्न. देवाने सांगितले म्हणून कृत्य चांगले ठरते, की ते मुळात चांगले आहे म्हणून देव ते सांगतो? याचा उगम प्लेटोच्या ‘युथिफ्रो’ या संवादात आहे. काळ इ. स. पू. ३९९. अधार्मिकतेच्या आरोपावरून सॉक्रेटीसला अथेन्सच्या न्यायाधिकाऱ्याकडे यावे लागले आहे. तिथे त्याला युथिफ्रो भेटतो. तो आपल्या बापावरच मनुष्यवधाचा खटला भरायला आला आहे. नॅक्सॉस बेटावर त्यांच्या एका मजुराने दारूच्या नशेत घरच्या गुलामाचा जीव घेतला. बापाने मजुराला हातपाय बांधून खड्ड्यात टाकले आणि पुढे काय करावे हे विचारायला अथेन्सला माणूस धाडला. तो परतण्याआधीच मजूर थंडीने आणि भुकेने मेला. बापावर खटला भरणे हा अधर्म, असे घरचे म्हणतात. देवांना हेच मान्य, असे युथिफ्रो म्हणतो. धर्माची साक्ष दोन्ही बाजू काढतात, तेव्हा निवाडा कशाच्या आधारे करायचा, हा या प्रकरणातला खरा प्रश्न आहे.

आज्ञेमुळेच कृत्य चांगले ठरते असे मानले, तर उद्या क्रौर्याची आज्ञा झाल्यास तेही चांगले म्हणावे लागेल. शिवाय ‘ईश्वर न्यायी आहे’ या स्तुतीत अर्थच उरत नाही. हा आक्षेप लायब्निट्सने १६८६ मध्ये स्पष्टपणे घेतला. उलट, चांगुलपणा आज्ञेच्या आधीचा मानला, तर ईश्वराच्या सार्वभौमत्वाला मर्यादा पडते. इस्लामी विचारात अशअरी पंथ पहिल्या बाजूचा, तर मुअतझिला दुसऱ्या बाजूचे. पूर्वमीमांसेत या प्रश्नाचे रूप बदलते: वेद अपौरुषेय, म्हणजे तिथे विधी आहे पण तो घालून देणारा कोणी नाही. तरीही विधी आहे एवढ्यानेच तो योग्य का, हे विचारता येतेच.

या पेचावर ईश्वरवाद्यांचे सर्वांत समर्थ उत्तर असे, की चांगुलपणा ईश्वराच्या इच्छेत नसून त्याच्या स्वभावात आहे. त्यामुळे मनमानी आज्ञेची भीती उरत नाही. उत्तर विचारपूर्वक दिलेले आहे, पण पेच एक पायरी मागे सरकतो एवढेच. करुणा ईश्वराच्या स्वभावात आहे म्हणून चांगली, की ती चांगली असल्यामुळे तो स्वभाव पूज्य? धर्माचा धाक गेला तर माणसे मोकाट सुटतील, हा ईश्वरवाद्यांचा दुसरा मुद्दा. तो खरा धरला, तरी त्यातून माणसे नीतीने का वागतात एवढेच कळते. नीती योग्य का, हे कळत नाही. ईश्वर नाही असे या पेचातून सिद्ध होत नाही. मात्र श्रद्धावंतालाही आज्ञा तपासण्यासाठी स्वतःची विवेकबुद्धी वापरावी लागते, हे त्यातून निश्चित ठरते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाहोरच्या परिषदेसाठी लिहिलेल्या, पण प्रत्यक्षात न झालेल्या १९३६ च्या भाषणात नियमांचा धर्म आणि तत्त्वांचा धर्म यांत भेद केला: नियम पाळणाऱ्याकडे कृत्याची जबाबदारी राहत नाही, तत्त्वाने वागणाऱ्याकडे ती राहते. ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या नावाने ते मराठीत आले आहे. विद्यार्थ्यांनी ते प्लेटोच्या संवादाशेजारी ठेवून वाचावे.