लेणं आणि पोढी



डिसेंबरात लेकीकडे पुण्याला गेले होते. नात सातवीत आहे. एके दिवशी शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि थेट स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "आज्जी, आपण मूळचे गुजरातचे की राजस्थानचे?"

मी म्हटलं, "आपण कोल्हापूरचे."

"ते माहितीये गं. पण त्याच्या आधी?"

वर्गात कुणीतरी तिला विचारलं होतं, आडनाव पाटील आणि जैन, असं कसं? हिला उत्तर देता आलं नाही. हसू नका, कारण हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकीला कधी ना कधी विचारला गेलेला आहे. मी बी. कॉम.ला होते तेव्हा एका मैत्रिणीच्या आईने विचारलं होतं, "तुमची पेढी कुठे?" माझ्या वडिलांचा ऊस होता, भुईमूग होता, चार म्हशी होत्या. पेढी कुठली? मी नुसती हसले होते. चाळीस वर्षांनी तोच प्रश्न नातीपर्यंत पोचला, तेव्हा नुसतं हसून भागणार नव्हतं.

जावई म्हणाले, "आई, रविवारी एका ठिकाणी जाऊ. उत्तर तिथे आहे. थोडं चढायचं आहे फक्त." गुडघ्यांना पट्टे बांधले, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेतली, घरचं गाळलेलं पाणी बाटल्यांत भरलं आणि निघालो.

पुण्याहून लोणावळ्याकडे जाताना कामशेत लागतं. तिथून आत वळलं की नाणे मावळ. वडिवळे धरणाच्या बाजूला डोंगराच्या कुशीत पाले नावाचं लहानसं गाव आहे आणि त्या डोंगरात एक लेणं आहे. कार्ले, भाजे, बेडसे ही मावळातली प्रसिद्ध लेणी सगळ्यांना ठाऊक असतात. पाल्याचं नाव मी तोवर ऐकलंही नव्हतं. तिकिटाची खिडकी नाही, फुगेवाला नाही. वाळलेल्या गवतातून पायवाट जाते. नात पुढे धावत होती, मी काठी टेकत, दर थोड्या वेळाने बसत, माझ्या गुडघ्यांच्या वेगाने.

वर पोचल्यावर पहिल्यांदा मन थोडं खट्टू झालं, खोटं कशाला सांगू? वेरूळची इंद्रसभा पाहिलेली बाई मी. तिथले कोरीव खांब, अंबिका यक्षी, ते सगळं डोळ्यांत होतं. इथे कार्ल्यासारखी कमानही नाही. साधी, कोरून काढलेली खोली आणि भिंतीवर काही ओळी. नात म्हणाली, "एवढंच?"

जावयांनी तिला ब्राह्मी लिपीची थोडी ओळख घरीच करून दिली होती. ब्राह्मीतला 'क' म्हणजे सरळ बेरजेची खूण, 'र' म्हणजे नुसती उभी रेघ, 'न' म्हणजे आडव्या रेघेवर उभी काडी. ती बोट न लावता, हवेतच बोट फिरवत एकेक अक्षर लावायला लागली. "न... मो... अ... र..." आणि थांबली. मग माझ्याकडे वळून तिने पुढचं न वाचताच म्हटलं, "आज्जी, णमोकार!"

होय. त्या लेखाची सुरुवात आहे, 'नमो अरहंतानं'.

माझ्या अंगावर काटा आला. तिच्या पाळण्यापाशी मी जे शब्द म्हटले, माझ्या आईच्या शेवटच्या रात्री तिच्या कानाशी जे म्हटले, ते शब्द इथे दगडावर होते. आपण 'ण' म्हणतो तिथे 'न' आहे, आपण 'अरि' म्हणतो तिथे 'अर' आहे, एवढाच फरक. 'अरिहंत' म्हणजे कर्मशत्रूंचा नाश करणारा, 'अरहंत' म्हणजे पूजेला योग्य असा. दोन्ही रूपं आपल्या परंपरेत आहेतच.

हा लेख डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शोभना गोखले यांनी वाचून प्रसिद्ध केला. शोभनाताई म्हणजे महाराष्ट्राच्या शिलालेख अभ्यासातलं मोठं नाव. एका बाईने हे वाचलं याचा मला वेगळा आनंद झाला. लेखाचा काळ इसवी सनापूर्वीचं दुसरं ते पहिलं शतक असा धरतात, म्हणजे दोन हजार वर्षांहून जास्त. वेरूळची आपली ३० ते ३४ क्रमांकाची लेणी साधारण नवव्या-दहाव्या शतकातली. पाल्याचा लेख त्यांच्याही आधी सुमारे हजार वर्षांचा. महाराष्ट्रातला सर्वांत जुना जैन लेख म्हणून त्याचं नाव घेतलं जातं.

आणि लेखात आहे काय? अगदी थोडं. अरहंतांना नमस्कार. कातुनदच्या भदंत इंद्ररक्षिताने हे लेणं आणि पोढी करवली, सोबत्यांसह. बस्स. राजाचं नाव नाही, स्तुती नाही. कॉमर्सच्या विद्यार्थिनीला विचाराल तर ही सरळ रोजकीर्दीतली नोंद आहे. कोणी केलं, काय केलं, कोणाच्या भागीत केलं.

पोढी म्हणजे पाण्याचं टाकं. लेण्यांच्या लेखांत हा शब्द पुष्कळदा येतो. मला वाटतं, आपल्या बायकांना हा शब्द सगळ्यांत आधी कळावा. मुनी वर्षभर विहार करतात, पण पावसाळ्यात जमिनीवर जीवजंतू वाढतात, पाय पडून हिंसा होऊ नये म्हणून चार महिने एका जागी राहतात. मग त्यांना डोक्यावर छप्पर लागतं आणि पाणी लागतं. डोंगरातलं लेणं आणि त्याच्या जोडीला पोढी, ही चातुर्मासाची सोय आहे. आज आपण गावात चातुर्मास ठरला की मुनिनिवास झाडतो, पाणी उकळून गाळून ठेवतो, चौक्याची तयारी करतो. इंद्ररक्षित आणि त्याच्या सोबत्यांनी तेच काम छिन्नी-हातोड्याने केलं.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. सगळे अभ्यासक या लेखाला जैन मानतात असं नाही. 'भदंत' हा शब्द बौद्ध भिक्षूंसाठी फार वापरला जातो, 'अर्हत्' बौद्धांतही आहे, आणि आजूबाजूची कार्ले-भाजे-बेडसे ही लेणी बौद्ध आहेत. जैन मानण्याचं कारण ही सुरुवात. ओडिशात भुवनेश्वरजवळच्या उदयगिरीवर हाथीगुंफेत सम्राट खारवेलाचा लेख आहे, तो 'नमो अरहंतानं, नमो सवसिधानं' असाच सुरू होतो आणि खारवेल जैन होता. मथुरेच्या कंकाली टेकडीवरच्या जैन लेखांतही अरहंतांना वंदन आहे.

हे ऐकून नात हिरमुसली. "म्हणजे आपलं नाहीये?"

मी तिला म्हटलं, बाळा, खातं कोणाच्या नावावर लिहायचं यावर हिशेबनीस भांडू देत. नोंद खरी आहे ना? दोन हजार वर्षांपूर्वी या डोंगरात मराठी मुलखातल्या कुणीतरी अरहंतांना नमस्कार केला, आणि अनोळखी साधूंसाठी छप्पर आणि पाणी करून ठेवलं. आपला हक्क सांगण्यासाठी दुसऱ्याचा खोडायची गरज नाही. तुझ्या वर्गातल्या मुलाला सांग, श्रमण या मातीत फार पूर्वीपासून आहेत. आणि पुढे श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराचे पाय दाखव.

ते पाय आपण सगळ्यांनी पाहिलेत. मूर्ती ९८१च्या सुमाराची. पायाशी 'श्री चावुण्डराजें करवियलें' असं मराठीत कोरलंय, शेजारी तीच गोष्ट कन्नड आणि तमिळमध्ये. कर्नाटकातल्या आपल्या क्षेत्री मराठी वाचणारे यात्रेकरू तेव्हा येत असणार, त्याशिवाय तिथे मराठी कोण कशाला कोरेल? पाल्याच्या लेखात क्रियापद आहे 'कारापित', बेळगोळला 'करवियलें', आणि आपण आजही म्हणतो, देवळाचा जीर्णोद्धार करवला. एवढ्या शतकांत तो शब्द झिजला, पण तुटला नाही. आपल्या कोल्हापुरातही बाराव्या शतकात शिलाहारांचा सामंत निंबदेवाने रूपनारायण बस्ती करवली. आपण 'बस्ती' हाच शब्द अजून वापरतो. अशा घरच्या मुलीने 'मूळचे कुठले' या प्रश्नाला का बावरावं?

खाली उतरताना नातीने आणखी एक विचारलं. "सगळे दान देणारे पुरुषच होते का?" हा प्रश्न तिला सुचला याचं मला कौतुक वाटलं. तिला सांगितलं, खारवेलाच्या पट्टराणीने उदयगिरीवरच अरहंतांच्या भक्तीने श्रमणांसाठी लेणं करवलं, तसा तिचा स्वतःचा लेख आहे. मथुरेत अमोहिनी नावाच्या बाईने आपल्या तीन मुलांसह दान दिलं, तिचा लेख अरहंत वर्धमानाच्या वंदनाने सुरू होतो. आणि इथून जवळच, बेडशाच्या बौद्ध लेण्यात, पाण्याच्या टाक्यावर सामडिनिका नावाच्या महारठिनीचं दान नोंदलेलं आहे. धर्म वेगळा, पण बाईचं दान पाण्यापाशी. मला त्यात नवल वाटलं नाही. घरात शेवटचा घोट पाणी कोणाला पुरेल याचा हिशेब बाईच ठेवते.

पायथ्याशी झाडाखाली दशम्या खाल्ल्या. दिवस मावळायच्या आत जेवण झालं पाहिजे म्हणून घाई नव्हती, ऊन भरपूर होतं. नातीने बाटली उघडली, प्यायली, आणि मला देताना म्हणाली, "आज्जी, त्यांनी टाक्यातलं पाणी गाळून प्यायलं असेल ना?" मी म्हटलं, "फडकं असेल तर नक्की."

सोमवारी ती शाळेतून आली. मी विचारलं, "काय सांगितलंस मग?" तर म्हणाली, "काही नाही, त्याला ब्राह्मीत त्याचं नाव लिहून दिलं. मग माझं लिहिलं. मग तो म्हणाला, हे कुठे असतं? मी म्हटलं, कामशेतला." झालं. माझ्या तासाभराच्या भाषणापेक्षा ते बरं.

तुम्ही जाणार असाल तर थंडीत जा, पाण्याची भरपूर सोय करा, पायात चांगले बूट घाला. एक विनंती मात्र मनापासून. लेखावर हळद-कुंकू, अक्षता वाहू नका, अक्षरं नीट दिसावीत म्हणून खडू भरू नका, हातही फिरवू नका. नमस्कार लांबूनही पोचतो. त्या ओळींसमोर उभं राहून एकदा णमोकार म्हणा. बाकी काही करायची गरज नाही.