पंचांगावरील अंगठा

खून झालेल्या खोलींत पोलिसानें प्रथम काय करावें? खुन्यामागें धांवावें? नव्हे, दारांत उभें राहून गर्दी हटवावी आणि कशालाही हात लावूं देऊं नये.

१८९८ च्या ऑगस्टांत बंगालमधील जलपैगुडी जिल्ह्यांत चहामळ्याचा व्यवस्थापक बिछान्यावर गळा चिरलेला आढळला. पेटी फोडलेली, शेंकडों रुपये नाहींसे. संशय स्वयंपाक्यावर आला. कपड्यांवरील रक्त धन्याच्या जेवणासाठीं मारलेल्या कबुतराचें, असें तो बिचारा सांगे. पण रक्तानें माखलेल्या गरिबाचें कोण ऐकतो? पुढें पेटींतील कागदांत एक बंगाली पंचांग निघालें. त्याच्या वेष्टनावर दोन तपकिरी डाग होते. त्यांतील एक उजव्या अंगठ्याचा ठसा! तें पंचांग आधींच दहा हातांत फिरलें असतें तर?

कलकत्त्यास १८९७ पासून ठशांचें दफ्तर होतें. त्याची वर्गवारी बसविण्यांत अझिजुल हक व हेमचंद्र बोस यांनीं मोठे श्रम घेतले. नांव मात्र हेन्रीसाहेबांचें झालें. दफ्तराशीं ताडतां ठसा निघाला धन्यानेंच पूर्वीं चोरीबद्दल तुरुंगांत धाडलेल्या नोकराचा. डाग सस्तन प्राण्याच्या रक्ताचे, असें रसायनपरीक्षकानें ठरविलें.

तरीही शिक्षा झाली ती चोरीचीच. खून होतांना कोणी पाहिला नव्हता. तेव्हां त्या आरोपाखालीं दोषी ठरविणें असेसरांना धोक्याचें वाटलें.