आजारपणात धम्म कोणत्या कामाचा?



स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा, असं मंडळाच्या पोरांनी सांगितलं. मी गिरणी कामगार. शाळा सातवीपर्यंत, पुढचं शिक्षण दुसऱ्या पाळीला जाण्याआधी वाचनालयात झालं. चुकलं-माकलं सांभाळून घ्यावं.

१९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी दीक्षा दिली, हे लहान पोरही सांगेल. पण त्याच वर्षी आपल्या मुंबईजवळ, सोपाऱ्याशेजारच्या भुईगावात, सम्राट अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला, हे किती जणांना ठाऊक आहे? या लेखाचा पूर्ण मजकूर गिरनारसारख्या ठिकाणच्या शिळांवरून कळतो. सम्राट म्हणतात, लोक आजारपणात, लग्नकार्यात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना नाना विधी करतात. त्यांचं फळ थोडं. खरं मंगल धम्माचं : दास-सेवकांशी नीट वागणं, वडीलधाऱ्यांचा मान, प्राण्यांवर दया, दान. आणि दुसऱ्या शिलालेखात याच राजानं माणसांच्या आणि जनावरांच्या औषधोपचाराची सोय केल्याचं कोरलं आहे. म्हणजे विधी कमी, औषध जास्त. बावीसशे वर्षांपूर्वी!

मग आजाऱ्याला धम्म काय देतो? विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसारानं आपल्याच घाणीत पडला होता. कोणी विचारीना. भगवंतांनी स्वतः पाणी ओतलं, आनंदानं त्याला धुतलं, दोघांनी उचलून अंथरुणावर निजवलं. मग संघाला बजावलं, इथं तुम्हाला आई-बाप नाहीत, तुम्हीच एकमेकांना पाहायचं. चांगल्या शुश्रूषकाचे गुणही सांगितले : औषध तयार करता यावं, पथ्य कळावं, सेवा पैशाच्या आशेनं नव्हे तर मायेनं करावी, मलमूत्राची किळस नसावी, आणि वेळोवेळी धम्माच्या बोलण्यानं रोग्याला उभारी द्यावी. बघा, धम्माचं बोलणं यादीत आहे, पण औषधाच्या जागी नाही, औषधाच्या जोडीला आहे.

बाबासाहेबांचंही तसंच. मधुमेहानं देह पोखरला होता. डॉक्टर असलेल्या माईसाहेब औषध-पथ्य बघत होत्या, आणि त्या दुखण्यातच ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ पुरा झाला. शेवटच्या रात्रीही ते प्रस्तावनेवर काम करीत होते. ग्रंथ छापून आला १९५७ साली. तो त्यांनी पाहिला नाही.

आता घरचं सांगतो. माझ्या आईला क्षय झाला होता. चाळीतले म्हणाले, बाहेरची बाधा आहे, अंगारा लावा, कोंबडं उतरवा. वडिलांनी ऐकलं नाही. पण दोन महिन्यांत खोकला थांबल्यावर आईच म्हणाली, आता गोळ्या बस झाल्या. तेव्हा विहारातल्या बाया रोज संध्याकाळी येऊन बसायच्या. त्रिशरण-पंचशील म्हणायच्या, आणि समोर बसून गोळी गिळायला लावायच्या. आई बरी झाली ती गोळ्यांनी. पण गोळ्या शेवटपर्यंत घेतल्या त्या बायांमुळे.

म्हणून आज वाईट वाटतं. आपल्याच काही घरांत परित्राणाचा धागा मनगटाला बांधला की दवाखाना टाळतात. अंगारा गेला आणि धागा आला, तर मग बदललं काय? सुत्तपठण जरूर करा, त्यानं घाबरलेलं मन शांत होतं. पण तुमच्या शेजारी कोणी अंथरुणाला खिळला असेल, तर आधी त्याच्या दारात जा, त्याची औषधं आणा, आणि मग वंदना म्हणा.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!