व्हेनिसची पुतळी, नीरेकाठचा गळा

संत मार्कपुढे गुडघे टेकून ध्वज हाती घेणारा व्हेनिसचा डोज, म्हणजे त्या नगरराज्याचा प्रमुख, शतकानुशतकं मराठी बायकांच्या गळ्यात राहिला आहे. आपण त्याला पुतळी म्हणतो.

नीरेकाठच्या निरवांगीतल्या एका घरी पुतळ्यांची माळ जवळून बघायला मिळाली, तेव्हा हे माझ्या ध्यानात आलं. बहुतेक पुतळ्यांवर लक्ष्मी होती. मधल्या जुन्या, झिजलेल्यांवर मात्र दोन उभट माणसं, मध्ये एक लांब काठी आणि कडेनं अक्षरांसारखे, पण कुठल्याच लिपीत न बसणारे फराटे. मागच्या बाजूला ठिपक्यांच्या लंबगोलात एक आकृती, भोवती चांदण्या. घरच्या आजी म्हणाल्या, “रामसीता हाय ती.”

व्हेनिसच्या दुकाटचं वर्णन करायला बसलो तर मी हेच लिहीन. १२८४ साली जोव्हान्नी दान्दोलो डोज असताना ते नाणं पहिल्यांदा पाडलं गेलं. एका बाजूला संत मार्क, डोज आणि दोघांमध्ये ध्वजाची काठी. दुसऱ्या बाजूला चांदण्यांनी वेढलेला ख्रिस्त. वजन साडेतीन ग्रॅम, सोनं जवळजवळ निर्भेळ. १७९७ मध्ये नेपोलियननं ते राज्य बुडवेपर्यंत पाचशे वर्षं ना वजन हललं ना कस. सराफाला आणखी काय हवं असतं? तोळ्याला सव्वातीनहून किंचित जास्त पुतळ्या, हा हिशेब आजोबाकडून नातवाकडे जसाच्या तसा गेला असणार. नाणं इतकं विश्वासाचं ठरलं की १४२५ मध्ये इजिप्तच्या सुलतान बार्सबायनं आपली अशरफी त्याच्याच वजनाला बेतली.

मार्ग सरळ आहे. व्हेनिसचा व्यापारी अलेक्झांड्रियात मिरी आणि कापड घेई, मोबदल्यात सोनं देई. ते तांबड्या समुद्रातून सुरत, चौल, दाभोळला उतरे. १८८२ मध्ये भडोचला सापडलेल्या ठेव्यात व्हेनिसची आणि इजिप्तची नाणी एकत्र निघाली. सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीत बसून कृष्णाजी अनंत सभासदानं शिवाजी महाराजांच्या खजिन्यातल्या नाण्यांची यादी लिहिली, तिच्यात होनांच्या सोबत पुतळ्याही आहेत.

आता विरुद्ध बाजू. एक मत असं की गळ्यात नाणं घालायची चाल पार वैदिक आहे. त्याला आधार आहे: ऋग्वेदात रुद्राच्या गळ्यात निष्क हा सोन्याचा दागिना आहे, आणि पुढे तोच शब्द नाण्याला लागला. पण त्यानं सिद्ध होते ती चाल. हे चित्र कुठून आलं ते नाही. दुसरं मत जास्त वजनदार. विजयनगरच्या होनांवर देवदेवतांच्या जोड्या होत्या, होनाचं वजनही दुकाटच्या जवळपास, सुमारे ३.४ ग्रॅम, मग पुतळी त्या होनावरून का नसावी? मी यावर बराच अडलो. निकाल लावला तो आकारानं. होन म्हणजे बारा-तेरा मिलिमीटरची जाडशी टिकली. दुकाट पातळ, पसरट, वीस मिलिमीटरच्या पुढचं. माळेतली पुतळी पातळ आणि पसरटच असते. शिवाय ती मधली काठी! होनावरच्या देवाला ध्वजाच्या काठीची गरज नाही.

काठीचा सगळ्यात बोलका पुरावा दक्षिणेकडचा आहे. तमिळ आणि मलबार मुलखात याच नाण्याला ‘शाणार कासू’ म्हणत. शाणार म्हणजे ताडी काढणारा. तिथल्या लोकांना ध्वजाची काठी माडाचं खोड वाटली आणि डोज त्याच्या बुंध्याशी चढायच्या तयारीत असलेला माणूस. त्यांना माड दिसला, आपल्याला रामसीता. ज्याच्या अंगणात जे असतं ते त्याला नाण्यावर दिसतं. पुढे भारतीय सोनारांनी नकला पाडल्या, त्यांत लॅटिन अक्षरांचे फराटे झाले आणि गुडघे टेकलेला डोज उठून उभा राहिला.

चौलचं सोनं नीरेच्या खोऱ्यात कसं पोचलं? माझं बोट बारामतीच्या नाईकांकडे जातं. बाबूजी नाईक जोशी हे पेशव्यांचे सावकार. बाजीरावाची बहीण भिऊबाई त्यांच्या घरात, आबाजी नाईकांना दिलेली. कवी मोरोपंतांना आसरा त्यांचाच. कर्नाटकच्या वसुलीतही बाबूजींनी हात घातला होता. होन आणि पुतळ्या जिथे पैशासारख्या फिरत, त्या मुलखाशी ज्याचा देण्याघेण्याचा संबंध, त्याच्या पेढीवरून पुतळ्या भोवतालच्या पाटील-देशमुखांच्या घरात उतरल्या, असं मी धरून चालतो. भीमथडीच्या घोड्यांवर मोहिमेला जाणाऱ्या शिलेदारांनीही आपापला वाटा आणला असेल. दुष्काळी मुलूख, नीरेचा डावा कालवा येईपर्यंत ज्वारीही पावसाच्या मर्जीवर. अशा ठिकाणी कडीला डाक देऊन ओवलेली पुतळी म्हणजे अडीनडीला एकेक सुटी करून मोडता येणारी शिल्लक. सबंध हार मोडायला नको.

परक्या मालाच्या दागिन्यांत पुतळी एकटी नाही. मण्यांची गोष्ट याहून जुनी, आणि तिचा माल उलट दिशेनंही गेला. याच पुणे जिल्ह्यात, घोड नदीवर चांडोलीला, ताम्रपाषाण काळातले तांब्याचे मणी जवसाच्या धाग्यात ओवलेले सापडले आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीचा ‘पेरिप्लस’ लिहिणारा ग्रीक दर्यावर्दी सांगतो की पैठणहून भडोचला गोमेदासारखे खडे जात, आणि भडोचला बाहेरून येणाऱ्या मालात पोवळी होती. रोमचा प्लिनी म्हणतो, आम्हाला भारताचे मोती जितके मोलाचे, तितकीच भारतीयांना पोवळी. म्हणजे मनगटावरच्या मोती-पोवळ्यांच्या पोचीतला लाल मणी आणि गळ्यातली पुतळी, दोन्ही एकाच भूमध्य समुद्राकाठची. तेरला आणि कोंडापूरला रोमन नाण्यांच्या ठशाच्या मातीच्या टिकल्या मिळतात, ओवायला वर नाकं ठेवलेल्या. परक्या सम्राटाचा मुखवटा दागिना म्हणून घालायची सवय व्हेनिसच्या आधी हजार-बाराशे वर्षं इथे रुजली होती. डोजला बसायला जागा तयारच होती.

व्हेनिस बुडालं, खरी पुतळी यायची थांबली आणि सोनाराचा ठसा तेवढा उरला. ठशावर लक्ष्मी आली, सोनं बावीस कॅरेटचं झालं, पत्रा आणखी पातळ झाला. म्हणून जुनी माळ मोडीत घालण्याआधी प्रत्येक पुतळी उलटून भिंगाखाली धरा. लंबगोलात चांदण्या आहेत का, दोन माणसांमध्ये काठी आहे का, कडेचे फराटे लॅटिन अक्षरांशी जुळतात का, ते पाहा. अक्षरं स्वच्छ वाचता आली तर त्यांत डोजचं नावही मिळेल, आणि त्या नावावरून पुतळी कुठल्या सालांच्या दरम्यान पाडली गेली ते काढता येईल. अशी पुतळी सोन्याच्या भावानं देऊ नका.